राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद : न्यायालयाच्या निकालापासून कुक्षीच्या वाटेपर्यंत

आरोग्य क्षेत्रातील बहुतेक सरकारी संस्था एखाद्या आयोगाच्या शिफारशीतून, पंचवार्षिक योजनेतील तरतुदीतून किंवा मंत्रालयाच्या ठरावातून जन्माला आल्या. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद मात्र सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालातून उभी राहिली, आणि तो निकाल एका जनहित याचिकेवरचा होता. एका माणसाच्या शरीरातून काढलेले रक्त किंवा त्याचा एखादा घटक दुसऱ्याच्या शिरेत देणे, ज्याला वैद्यकीय परिभाषेत रक्तसंक्रमण म्हणतात, ही क्रिया शस्त्रक्रिया, बाळंतपण, अपघात आणि रक्ताचे जन्मजात आजार या चारही ठिकाणी प्राण वाचवते. परंतु त्याच पिशवीतून एचआयव्हीसारखा विषाणूही रुग्णाच्या शरीरात शिरू शकतो, हे १९८०च्या दशकात जगाच्या लक्षात आले आणि तेव्हापासून रक्तपेढी हा केवळ साठवणुकीचा विषय राहिला नाही. परिषदेच्या जवळपास तीन दशकांच्या वाटचालीत एक ताण सतत दिसतो: रक्त सुरक्षित करण्यासाठी जे नियम करावे लागले, त्यांनी ते लहान गावांपासून दूर नेले, आणि दूर गेलेले रक्त सुरक्षितता न गमावता पुन्हा जवळ कसे आणावे, हा प्रश्न धार जिल्ह्यातील कुक्षीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी आजही विचारावा लागतो.

परिषदेच्या आधीचा काळ थोडक्यात सांगितला पाहिजे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळल्याने रक्त गोठत नाही हे सिद्ध झाले, तेव्हा रक्त बाटलीत साठवणे शक्य झाले. भारतात १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेत रेडक्रॉसच्या व्यवस्थापनाखाली पहिली रक्तपेढी सुरू झाली. मुंबईचा वाटा या इतिहासात मोठा आहे. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ज्या दुर्मिळ रक्तगटाचे वर्णन जगापुढे ठेवले, तो आजही 'बॉम्बे रक्तगट' याच नावाने ओळखला जातो. आणि १९५४ मध्ये लीला मुळगावकर यांनी त्याच शहरात मोबदल्याशिवाय रक्त देणाऱ्यांची शिबिरे भरवण्यास प्रारंभ केला, ज्यातून देशातील ऐच्छिक रक्तदानाची चळवळ आकाराला आली. पुढे १९७५ पासून १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन म्हणून पाळला जाऊ लागला. रक्तसंक्रमण शास्त्राचे अध्वर्यू डॉ. जयगोपाल जॉली यांचा तो जन्मदिवस.

चळवळ होती, पण गरज तिच्या कितीतरी पुढे होती, आणि ती उणीव धंदेवाईक रक्तदात्याने भरून काढली. धंदेवाईक रक्तदाता म्हणजे पैसे घेऊन रक्त विकणारा माणूस. तो बहुधा हातावर पोट असलेला मजूर, रिक्षा ओढणारा किंवा व्यसनात सापडलेला तरुण असे. एका पेढीत रक्त देऊन काही दिवसांत दुसऱ्या पेढीच्या दाराशी उभा राहत असे, त्यामुळे त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन खालावलेले असे, आणि पैशाची निकड असल्याने आजार, व्यसन किंवा जोखमीचे संबंध यांविषयी खरे सांगणे त्याला परवडत नसे. या व्यवहाराचा खरा दोष त्या माणसाच्या चारित्र्यात नव्हता, तो व्यवहाराच्या रचनेत होता: ज्याला रक्ताचे पैसे मिळतात त्याला सत्य लपवण्याचेही पैसे मिळतात, ही गोष्ट तेव्हाच्या व्यवस्थेने फार उशिरा मान्य केली.

एचआयव्ही हा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वेगळा करण्यात आला आणि मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत रक्त तपासण्याच्या पहिल्या चाचणीला परवाना मिळाला. आपल्याकडे हा आजार येणारच नाही अशी समजूत तेव्हा सुशिक्षितांतही होती. ती १९८६ मध्ये मद्रासमध्ये मोडली. मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले गेले आणि त्यांत एचआयव्हीचा संसर्ग आढळला. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील; पुढे १९९३ मध्ये त्यांनी एड्सच्या रुग्णांसाठी जी संस्था उभारली तिला वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे, नाव दिले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांनी त्या त्या प्रांताच्या सार्वजनिक जीवनात काय भर घातली याची नोंद घेताना हे नाव विसरता कामा नये.

संसर्ग देशात आहे हे कळल्यावर रक्तपेढ्यांकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. कायद्याच्या दृष्टीने मानवी रक्त हे औषध आहे आणि त्यामुळे १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील नियम त्याला लागू होतात. या नियमांत १९८९ मध्ये बदल करून प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही चाचणी बंधनकारक करण्यात आली. नियम झाला, पण तो राबवायला लागणारी यंत्रे, संच आणि प्रशिक्षित हात बहुसंख्य पेढ्यांत नव्हते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या टप्प्याच्या कार्यक्रमात रक्तसुरक्षेला महत्त्वाचे स्थान मिळाले.

ही चाचणी नेमके काय पाहते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळणार नाही. एलायझा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ९६ लहान खळगे असलेली प्लास्टिकची एक पट्टिका असते आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यात रक्तदात्याच्या रक्तातील द्रव, म्हणजे सीरम, टाकले की, त्यात एचआयव्हीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे असल्यास, ती तळाच्या प्रथिनांना धरून बसतात. मग खळगे धुऊन विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे द्रव्य टाकतात, पुन्हा धुतात आणि शेवटी एक रंगहीन द्रव घालतात. प्रतिपिंडे नसतील तर तो द्रव तसाच राहतो आणि असतील तर खळग्याला रंग चढतो, ज्याची तीव्रता यंत्र मोजते. ज्या तंत्रज्ञाने सकाळभर स्वच्छ खळगे पाहिलेले असतात त्याच्यापुढे एखादा खळगा गडद होत जातो, तेव्हा ती पिशवी वेगळी काढून, नोंद करून, नष्ट करण्यासाठी पाठवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या एका रंगाने एखाद्या अनोळखी रुग्णाचे आयुष्य वाचलेले असते, आणि त्या रुग्णाला ते कधी कळतही नाही.

परंतु ही चाचणी विषाणूला पाहत नाही, शरीराने विषाणूला दिलेल्या उत्तराला पाहते, आणि ते उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसू लागेपर्यंतच्या कालावधीला विंडो पिरियड म्हणतात. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही सोबत शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या चाचणीत तो दोन आठवड्यांच्या आसपास येतो. आणि विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधणाऱ्या न्यूक्लिइक आम्ल चाचणीत, जिला नॅट म्हणतात, तो साधारण दहा-बारा दिवसांवर उतरतो. तो शून्यावर आणणारी चाचणी आजवर निघालेली नाही. या काळात दिलेले रक्त चाचणीत निर्दोष ठरते, आणि बाधित पिशवी दिली गेली तर दहांपैकी नऊहून अधिक वेळा संसर्ग होतो. म्हणूनच कोणाचे रक्त घ्यावे हा प्रश्न कोणती चाचणी करावी या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा ठरतो, आणि परिषदेची स्थापना ज्या निकालाने झाली त्याचा गाभाही तोच आहे.

केंद्र सरकारने ए. एफ. फर्ग्युसन या संस्थेकडून करून घेतलेल्या १९९०च्या पाहणीत देशात १,०१८ रक्तपेढ्या असल्याचे आणि त्यांपैकी ६१६ विनापरवाना चालत असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की दर पाच पेढ्यांपैकी तीन पेढ्यांत कोणाचे रक्त घेतले, ते कसे तपासले आणि कोठे ठेवले, हे विचारण्याचा अधिकार कोणीही प्रत्यक्ष बजावत नव्हते. दिल्लीच्या 'कॉमन कॉज' या नागरिक संस्थेने, एच. डी. शौरी यांच्या पुढाकाराने, हा अहवाल आधाराला घेऊन १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. निकाल यायला चार वर्षे लागली, पण तो आला तेव्हा मोघम उपदेश करून थांबला नाही. केंद्राने राष्ट्रीय पातळीवर एक परिषद नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन करावी, प्रत्येक राज्यात तशीच राज्य परिषद असावी, एका वर्षाच्या आत सर्व रक्तपेढ्या परवान्याखाली आणाव्यात, दोन वर्षांच्या आत धंदेवाईक रक्तदात्यांकडून रक्त घेणे पूर्णपणे थांबवावे, रक्तसंक्रमण शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू करावे आणि परिषदांना देणग्या देणाऱ्यांना आयकरात सवलत द्यावी, असे स्पष्ट आणि मुदतीने बांधलेले आदेश न्यायालयाने दिले.

त्याच वर्षी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद अस्तित्वात आली. तिचे काम नॅकोशी जोडलेले राहिले, आणि आरोग्य मंत्रालय, औषध महानियंत्रक, रेडक्रॉस, रक्तपेढ्यांच्या संघटना, वैद्यकीय संस्था व स्वयंसेवी संस्था यांचे प्रतिनिधी एकत्र बसतील अशी तिची घडण न्यायालयानेच सुचवलेली होती. येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा: परवाना देणे, तपासणी करणे आणि परवाना काढून घेणे हे औषध प्रशासनाचे अधिकार आहेत; परिषद धोरण ठरवते, मार्गदर्शक सूचना काढते, प्रशिक्षणाची आखणी करते आणि राज्य परिषदांमार्फत ऐच्छिक रक्तदान वाढवते. हातात दंड नसलेल्या संस्थेला शब्दाच्या वजनावर काम करावे लागते, आणि हे वजन राज्याराज्यांत सारखे पडले नाही. महाराष्ट्रात गणेशोत्सव मंडळे, शिवजयंती उत्सव, महाविद्यालये आणि कारखाने यांच्या शिबिरांची परंपरा आधीच घट्ट असल्यामुळे राज्य परिषदेला आयती जमीन मिळाली. ज्या प्रदेशांत अशी परंपरा नव्हती तेथे परिषदेला जमीन तयार करण्यापासून सुरुवात करावी लागली.

धंदेवाईक रक्तदानावरील बंदी १ जानेवारी १९९८ पासून अमलात आली. देशभर रक्ताचा तुटवडा पडेल अशी भीती तेव्हा व्यक्त केली गेली होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. कारण विक्रेता गेला, पण त्याची जागा ऐच्छिक दात्याने लगेच घेतली नाही. ती बदली रक्तदात्याने घेतली. बदली रक्तदाता म्हणजे रुग्णाला लागलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा नातेवाईक किंवा मित्र. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही, परंतु रुग्ण आत तडफडत असताना बाहेर उभ्या असलेल्या भावाला किंवा मेहुण्याला 'गेल्या काही महिन्यांत जोखमीचा संबंध आला होता काय' असे विचारले तर तो सर्व नातलगांसमोर खरे सांगेल ही अपेक्षा फार मोठी आहे; शिवाय नातेवाईक मिळाला नाही की पैसे देऊन 'नातेवाईक' उभा करण्याची वाट उरतेच. परिषदेने ऐच्छिक रक्तदान शंभर टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट वारंवार मांडले ते यासाठी.

ऐच्छिक दात्याची निवड हे परिषदेच्या कामातील सर्वांत बारकाईचे प्रकरण आहे. शिबिरात आलेल्या माणसाचे वय १८ ते ६५च्या दरम्यान, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला निदान १२.५ ग्रॅम असावे लागते, आणि दोन दानांत पुरुषाने ९० दिवसांचे व स्त्रीने १२० दिवसांचे अंतर राखावे लागते. हिमोग्लोबिन पाहण्याची जुनी रीत आजही अनेक शिबिरांत दिसते: बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडायचा, द्रावणाची घनता १.०५३ अशी मोजून ठेवलेली असते, त्यामुळे थेंब १५ सेकंदांच्या आत खाली गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे आहे आणि मध्येच तरंगला किंवा वर आला तर त्या माणसाला रक्त न घेता, आहाराचा सल्ला देऊन, परत पाठवायचे. त्यानंतर येते ती प्रश्नावली. अलीकडची कावीळ, मलेरिया, गोंदण, दात काढणे, शस्त्रक्रिया, सुईने घेतलेले अमली पदार्थ, एकाहून अधिक जोडीदार, अशा प्रश्नांची उत्तरे दात्याने स्वतः द्यायची असतात, आणि ती आडोशाला, शक्यतो समुपदेशकासमोर एकट्याने द्यायची असतात. मंडपात रांगेतल्या टेबलावर, मित्रांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या नजरांपुढे भरून घेतलेली प्रश्नावली ही कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात रिकामी असते. शिबिराच्या आयोजकांनी हार-तुरे आणि फलकांवर केलेल्या खर्चातून दोन पडदे उभे केले तर रक्तसुरक्षेत त्याने अधिक भर पडेल.

परिषदेने २०१७ मध्ये दात्यांच्या निवडीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांना समूह म्हणून रक्तदानातून वगळण्यात आले, आणि या कलमाला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. परिषदेची बाजू विंडो पिरियडच्या जोखमीवर उभी आहे. आव्हान देणाऱ्यांचा आक्षेप असा की जोखीम माणसाच्या ओळखीत नसते, त्याच्या वर्तनात असते, आणि काही देशांनी आता प्रत्येक दात्याला वर्तनाविषयीचे तेच प्रश्न विचारण्याची पद्धत स्वीकारली आहे. ज्या परिषदेचा जन्म नागरिकांच्या याचिकेतून झाला तिने नागरिकांच्या दुसऱ्या याचिकेकडे मोकळ्या मनाने पाहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

चाचण्यांच्या यादीत एचआयव्ही एकटा नाही. हिपॅटायटिस बी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या चाचण्या होत्याच. २००१ पासून हिपॅटायटिस सीची भर पडली आणि प्रत्येक पिशवीमागे पाच चाचण्या असा आजचा नियम पूर्ण झाला. निष्कर्ष दात्याला सांगावा की नाही याबाबत मात्र धोरण बदलत गेले. सुरुवातीला पिशवी नष्ट करणे एवढेच पेढीचे काम मानले जाई आणि दात्याचे नाव निष्कर्षाशी जोडले जात नसे. २००२च्या राष्ट्रीय रक्त धोरणानंतर दात्याची संमती घेऊन, समुपदेशनासह त्याला कळवणे आणि पुढील खात्रीच्या तपासणीसाठी पाठवणे ही दिशा स्वीकारली गेली. हा बदल माणुसकीचा होता. ज्याच्या रक्ताने खळगा रंगला त्यालाही उपचारांची गरज असते, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्याच्या गुप्ततेला आणि भेदभावाविरुद्धच्या हक्काला आता कायद्याचे संरक्षणही दिले आहे.

आता कुक्षीकडे वळले पाहिजे, कारण परिषदेच्या यशाची आणि उणिवेची मोजदाद अशाच ठिकाणी होते. जुन्या धार संस्थानातील पवारांच्या अमलाखालचा हा परगणा १९४८ मध्ये मध्यभारतात आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आला. माळव्याचे पठार सोडून विंध्याच्या उतारावरून निमाडात उतरल्यावर लागणारे हे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय त्याहून बरेच दूर आहे, आणि भोवतालच्या भिल्ल व भिलाला वस्त्यांतून कुक्षीला पोहोचणे हाच एक वेगळा प्रवास असतो. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाऊ लागलेल्या स्त्रीजवळ तासांचा हिशेब असतो. इतक्या अंतरावरच्या रक्तपेढीत सुरक्षित पिशवी असून तिच्या उपयोगाची राहीलच असे नाही.

बंदी आणि परवान्यांच्या आधी अशा गावांतील डॉक्टर एक वाट वापरत: रुग्णाच्या नातेवाइकाचा गट जुळवून, त्याच्या हातातून काढलेले ताजे रक्त तिथल्या तिथे रुग्णाला देत. नियम कडक झाल्यावर परवानाधारक पेढीबाहेर रक्त काढणे बेकायदा ठरले आणि ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या संघटनेने ही वाट काही अटींवर खुली करावी अशी मागणी पुढे अनेकदा केली. त्यांच्या मागणीतील कळकळ खरी आहे, कारण टेबलावरच्या रुग्णाकडे तेच पाहत असतात. तरीही घाईत केलेली झटपट चाचणी, नोंदींचा अभाव आणि संकोचाने गप्प राहिलेला नातेवाईक यांमुळे धोका नेमका त्याच दाराने परत येतो, ज्या दारातून त्याला १९९६ मध्ये बाहेर काढले गेले; त्यामुळे त्या मागणीमागचा प्रश्न मान्य करूनही तिचे उत्तर वेगळे शोधावे लागते.

ते उत्तर नियमांनी डिसेंबर २००१ मध्ये दिले, आणि परिषदेच्या काळातील हा निर्णय सर्वांत दूरदृष्टीचा म्हणावा लागेल. वर्षाला २,००० पिशव्यांपर्यंत रक्त वापरणाऱ्या ग्रामीण व प्रथम संदर्भ रुग्णालयांना रक्तपेढीच्या पूर्ण परवान्याशिवाय, राज्याच्या औषध प्रशासनाच्या मान्यतेने, रक्त साठवणूक केंद्र चालवता येते. रक्त गोळा करणे, पाचही चाचण्या करणे आणि पिशवीवर शिक्कामोर्तब करणे हे काम परवानाधारक मातृ रक्तपेढीकडे राहते. साठवणूक केंद्राने तपासलेल्या पिशव्या आणायच्या, २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायच्या आणि रुग्णाला देण्यापूर्वी गट व जुळवणी, म्हणजे क्रॉसमॅच, करायची. रक्त गोठू न देणाऱ्या सीपीडीए या द्रावणासह अशी पिशवी ३५ दिवस टिकते. मात्र त्यासाठी घरगुती फ्रिज चालत नाही. तापमानाची सतत नोंद घेणारे आणि बिघाड झाल्यास घंटा वाजवणारे खास शीतकपाट लागते, उन्हाळ्यातल्या भारनियमनात चालेल असे जनित्र लागते, वाटेत तापमान राखणारी पेटी लागते, आणि रात्री दोन वाजता जुळवणी करू शकेल असा तंत्रज्ञ लागतो. यांपैकी शीतकपाट विकत घेणे सर्वांत सोपे आणि तंत्रज्ञ टिकवणे सर्वांत अवघड असते.

निमाडात ही निकड आणखी एका कारणाने तीव्र आहे. सिकलसेल हा तांबड्या पेशींना विळ्याचा आकार आणणारा आनुवंशिक आजार पश्चिम मध्य प्रदेशातील आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य प्रदेश शासनाने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी हिमोग्लोबिनच्या आजारांविषयीची राज्य मोहीम प्रायोगिक स्वरूपात सुरू केली ती कुक्षीच्या शेजारच्या अलीराजपूर आणि झाबुआ जिल्ह्यांत, आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाली. या आजाराच्या काही रुग्णांना आणि थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर पुन्हापुन्हा रक्त घ्यावे लागते. एकदा रक्त घेणाऱ्यासाठी विंडो पिरियडची जोखीम अत्यल्प असते. महिन्याला एक-दोन पिशव्या घेणाऱ्या मुलासाठी तीच अत्यल्प जोखीम वर्षागणिक साचत जाते. अशा रुग्णांसाठी नॅट चाचणी केलेले रक्त मिळावे ही मागणी त्यामुळे सर्वस्वी न्याय्य आहे. देशात ही चाचणी अजून बंधनकारक नाही. तिचा खर्च, यंत्रे आणि मध्यवर्ती प्रयोगशाळा यांचा विचार करता प्रत्येक लहान पेढीत ती शक्यही नाही, परंतु नमुने इंदूरसारख्या केंद्राकडे नेऊन निष्कर्ष जिल्ह्याकडे पाठवण्याची व्यवस्था शक्य आहे. आदिवासी पाड्यातील मुलाच्या शिरेत जाणारी पिशवी महानगरातील रुग्णाच्या पिशवीपेक्षा कमी तपासलेली असावी, याचे समर्थन कोणत्याही आर्थिक हिशेबाने होत नाही.

अलीकडच्या वर्षांतील घडामोडी याच दिशेने जातात. पेढ्यांतील साठा दाखवणारी ई-रक्तकोष ही संगणकीय व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. मार्च २०२०च्या नियमदुरुस्तीने रक्तपेढीचे अधिकृत नाव रक्तकेंद्र असे झाले. पैसे ठेवून पैसे काढण्याची कल्पना सुचवणारा 'पेढी' हा शब्द गेला हे योग्यच झाले, जरी मराठीत तो इतका रुळला आहे की लोकांच्या तोंडून तो सहज जाणार नाही. एका पिशवीचे तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे घटक वेगळे करून एकाहून अधिक रुग्णांना देण्याची सोयही आता मोठ्या केंद्रांत रुळली आहे.

लोकसंख्येच्या एक टक्का इतके रक्त दरवर्षी जमले तर मूलभूत गरज भागते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे एक लाख वस्तीच्या भागातून वर्षाला एक हजार पिशव्या. धार, देवास आणि कुक्षी या गावांत पवारांच्या काळापासून स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांनी, त्यांच्या मंडळांनी आणि गणेशोत्सवांनी आपापल्या वाट्याची संख्या मनाशी ठरवून नियमित शिबिरे भरवावीत, ती नेहमी परवानाधारक रक्तकेंद्रामार्फतच घ्यावीत, आणि घरातील कोणाची शस्त्रक्रिया ठरेपर्यंत थांबू नये. रक्त देणाऱ्याने प्रश्नावलीतील प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे, आणि मनात शंका असेल तर त्या दिवशी रक्त न देता परत फिरावे. एचआयव्हीची चाचणी फुकट होते म्हणून रक्तदान करण्याचा विचार मात्र कोणीही करू नये. त्या चाचणीसाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशनासह मोफत आणि गोपनीय केंद्रे आहेत, आणि तेथे रक्तदात्याची नव्हे, तपासणीसाठी आलेल्या माणसाची वाट पाहिली जाते.